खांदा म्हणजे पाय नव्हे : व्हीलचेअर रेटताना हातांचं काय होतं?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मी कुंभारीहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून रेकॉर्डिंग करणं काही माझ्याच्यानं होत नाही.

आजचा विषय बरेच दिवस मनात होता. कारण त्या विषयानं मला गेल्या वर्षी रात्र-रात्र जागवलंय. विषय आहे खांदा. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाचा खांदा.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी मी पत्र्यावरून पडलो. डी-१२ मणक्याला मार बसला, कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून व्हीलचेअर. घर आमचं विडी घरकुलात, आणि तिथून थोड्या अंतरावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान. रोज मी स्वतः खुर्ची रेटत जातो, स्वतः येतो. कोणी मागून ढकललेलं मला आवडत नाही.

गेल्या वर्षी उजवा खांदा दुखायला लागला. आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल. मग वरच्या फळीवरचा कागदाचा गठ्ठा काढता येईना. मग रात्री त्या कुशीवर झोपता येईना. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "सहा आठवडे खांद्याला पूर्ण आराम द्या."

आता मला सांगा, तुमचा गुडघा दुखला तर तुम्ही पलंगावर पडून राहाल, काठी घ्याल, कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकाल. माझा खांदा दुखला तर? पलंगावरून खुर्चीत यायला खांदा. खुर्चीतून संडासला जायला खांदा. दारापर्यंत जायला खांदा. आराम द्यायचा म्हणजे सहा आठवडे बायकोनं मला उचलायचं. मी घरी आलो आणि बराच वेळ कोणाशी बोललो नाही.

नंतर एक फिजिओथेरपिस्ट मॅडम भेटल्या. त्यांनी आधी माझा खांदा बघितलाच नाही. म्हणाल्या, "जरा खुर्ची रेटून दाखवा." मग म्हणाल्या, "दुखणं खांद्यात आहे, पण निम्मं कारण खुर्चीत आहे." हा भाग त्या एका वाक्यावर आहे.

हजाराचा हिशोब

कुंभारीत ज्यांचं येणं-जाणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की आमचं गाव लागतं. इथे गोदूताई परुळेकर विडी घरकुल आहे, विडी कामगार बायांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. अलीकडे इथेच रे नगर उभं राहिलं, त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. म्हणजे हाताच्या कष्टावर जगणाऱ्यांचं हे गाव.

माझी आई विडी वळायची. विडीची मजुरी हजारावर असते. हजार विड्या वळल्या की एवढे पैसे, हा हिशोब मी लहानपणापासून ऐकलाय. आणि संध्याकाळी सूप बाजूला ठेवून मनगट चोळत बसलेली आई पण बघितलीय. विडीचं वजन ते काय? फुंकर मारली तरी उडेल. मग हात का दुखायचा? कारण तेच काम, त्याच बोटांनी, त्याच कोनात, हजार वेळा.

आता माझा हजार बघा. खुर्चीच्या मोठ्या चाकाचा व्यास २४ इंच, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १९० सेंटीमीटर. हात एका वेळी चाकाचा पाव फेरा फिरवतो असं धरा, म्हणजे जेमतेम अर्धा मीटर. त्यानंतर खुर्ची थोडी आपोआप जाते. सपाट जमिनीवर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जायचं तर दर सेकंदाला सुमारे एक रेटा आणि एक मीटर अंतर. म्हणजे एका किलोमीटरला हजार रेटे. दिवसभरात दुकान, घर, पोस्ट, मेडिकल मिळून दोन किलोमीटर झाले तर दोन हजार. वर्षाला किती, ते तुम्हीच मांडा.

खांद्याची रचनाच वेगळी

कंबरेचा सांधा कसा असतो? खोल वाटीत घट्ट बसलेला गोळा. शरीराचं वजन पेलायलाच तो आहे. खांद्याचं तसं नाही. तिथे मोठा गोळा आणि उथळ वाटी. बशीवर लिंबू ठेवल्यासारखं समजा. म्हणूनच हात चारी बाजूंनी फिरतो, पाठ खाजवता येते, झाडावरचा आंबा काढता येतो. पण लिंबू बशीवरून घसरू नये म्हणून त्याला आजूबाजूचे स्नायू धरून ठेवतात. चार छोट्या स्नायूंचं एक कोंडाळं असतं, त्याला रोटेटर कफ म्हणतात.

या चौघांपैकी एकाची दोरी, म्हणजे टेंडन, खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जाते. वर हाड, खाली गोळा, आणि मधल्या फटीत ही दोरी. जागा मुळात कमी. स्नायू ताजे असतात तोवर गोळा खाली धरलेला राहतो. ते थकले की गोळा वर सरकतो आणि दोरी दोन हाडांमध्ये चेमटते. एकदा चेमटली तर काही नाही. रोज दोन हजार वेळा घासली तर सुजते, आणि सुजली की फट आणखी कमी होते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही ते यामुळे.

आणखी एक गोष्ट. खुर्ची रेटताना छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू काम करतात. मागचे, पाठीवरच्या फऱ्याजवळचे स्नायू त्या मानानं कमी. वर्षानुवर्षं पुढचे ताकदवान आणि आखडलेले, मागचे ढिले. खांदे पुढे झुकतात, पोक येतं, आणि ती फट आणखी लहान होते. दंड चांगले भरलेत म्हणून मी खूश होतो, पण ती भर एकाच बाजूला होती.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हातानं व्हीलचेअर चालवणाऱ्यांपैकी ३० ते ७० टक्के लोकांना खांदेदुखी आढळलीय. मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येणं, ज्याला कार्पल टनल म्हणतात, तेही सर्रास.

एका रेट्यात काय काय होतं?

मोठ्या चाकाला बाहेरून जी स्टीलची कडी असते ती रिम. हात रिमला लागल्यापासून सुटेपर्यंत रेटा, आणि सुटल्यापासून परत लागेपर्यंत परतीचा प्रवास. आपण सगळं लक्ष रेट्याकडे देतो. परतीत हात काय करतो, हे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

मॅडमनी मोबाईलवर बाजूनं व्हिडिओ काढून दाखवला. माझा हात रिमच्या वरच्या वरच मागे-पुढे चालला होता. आखूड, घाईघाईचे रेटे, करवत चालवल्यासारखे. अमेरिकेत २००२ च्या सुमाराला अशा हालचालींचा नीट अभ्यास झाला. त्यात परतीचे चार प्रकार मांडले गेले. हात रिमच्या कडेनंच मागे नेणारे, वरून वळसा घेणारे, वर-खाली दुहेरी वळसा घेणारे, आणि हात रिमच्या खालून सैल सोडून अर्धवर्तुळात मागे आणणारे. या शेवटच्या प्रकारात मिनिटाला रेटे कमी लागतात आणि प्रत्येक रेट्यात हात रिमवर जास्त वेळ राहतो.

याचा अर्थ सोपा आहे. जोर तेवढाच लावायचा असेल तर तो लांबवर पसरून लावा. झटका देऊ नका. झटक्याचा संबंध मनगटाच्या नसेशी पण आढळलाय. जितका जोर पटकन चढतो तितकी नस जास्त सोसते.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या पाठीच्या कण्याच्या तज्ज्ञांनी हात जपण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं सार एवढंच : रेट्यांची संख्या कमी करा, प्रत्येक रेट्यातला जोर कमी करा, रेटा लांब आणि सावकाश ठेवा, आणि सुटलेला हात रिमच्या खाली सैल पडू द्या.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. चढावर हे चालत नाही. तिथे हात सैल सोडून अर्धवर्तुळ करत बसलात तर खुर्ची मागे येईल. चढावर आखूडच रेटे, हात रिमजवळच.

चढ : साधा हिशोब

माझं वजन ६५ किलो, खुर्ची १८, मांडीवरची पिशवी २. एकूण ८५. गुळगुळीत फरशीवर खुर्ची चालती ठेवायला साधारण एक किलोचा जोर पुरतो. आता रॅम्प घ्या. सरकारी नियमात चढ जास्तीत जास्त १ ला १२ सांगितलाय, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. तिथे एकट्या चढापायी सात किलोचा जोर सतत लागतो. फरशीच्या सातपट!

आणि हे नियमातल्या रॅम्पचं झालं. आपल्याकडे दोन पायऱ्यांवर, म्हणजे फूटभर उंचीवर, चार फुटी सिमेंटचा उतार ओढतात आणि "अपंगांसाठी सोय केली" म्हणून फोटो काढतात. १ ला ४. तिथे वीस किलोच्या वर जोर लागतो, तोही खुर्ची मागे उलटण्याच्या भीतीसकट. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयाबाहेर असाच आहे. मी तिथे वर्षभर हट्टानं एकटा चढायचो. मर्दानगी वाटायची. त्या मर्दानगीचा खर्च खांद्यानं भरला.

ज्यांना घरात रॅम्प करायचाय त्यांनी एवढं पाठ करा : सहा इंच पायरीला सहा फूट लांबी. जागा नसेल तर रॅम्प वळवून घ्या, पण उभा करू नका.

खुर्ची कपड्यासारखी मापाची हवी

माझी खुर्ची शिबिरातली. नाव लिहून घेतलं, आधारकार्ड बघितलं, फोटो काढला, खुर्ची दिली. माप कोणी घेतलं नाही. आम्ही सोलापूरकर शाळेचा गणवेश शिवणारी माणसं, बाही अर्धा इंच मोठी झाली तर माल परत येतो. पण ज्या खुर्चीत माणूस दिवसाचे बारा तास बसणार, ती सगळ्यांना एकच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये कमी साधनांच्या देशांसाठी व्हीलचेअरच्या सूचना काढल्या, त्यात तपासणी, निवड, बसवून बघणं, शिकवणं आणि नंतर विचारपूस, हे सगळं आलंय. खुर्ची हातात देणं ही त्यातली एक पायरी झाली.

मॅडमनी माझ्या खुर्चीत तीन चुका दाखवल्या.

पहिली, रुंदी. माझ्या कमरेच्या मानानं खुर्ची चार इंच जास्त रुंद. त्यामुळे दोन्ही हात पंख पसरल्यासारखे बाहेर जायचे. हात अंगापासून लांब नेऊन जोर लावला की खांद्यातली ती फट सगळ्यात जास्त दाबली जाते.

दुसरी, उंची. बसायचं रेक्झिन पाळण्यासारखं लोंबलं होतं. म्हणून बायकोनं त्यावर आपल्या सोलापुरी चादरींच्या घड्या घातल्या होत्या. प्रेमानंच. पण त्यानं मी चार इंच वर गेलो. ओळखायची खूण सांगतो. सरळ बसा, हात खाली सोडा. मधल्या बोटाचं टोक चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे आसापर्यंत यायला हवं. माझं तीन बोटं वर राहत होतं. दुसरी खूण अशी की रिमच्या सगळ्यात वरच्या बिंदूवर हात ठेवला की कोपर काटकोनाहून थोडं जास्त उघडं, १०० ते १२० अंशात हवं. माझं जवळजवळ सरळ व्हायचं.

तिसरी आणि मुख्य, मोठ्या चाकाचा आस. साध्या घडीच्या खुर्चीत तो पाठीच्या दांड्याच्या बरोबर खाली असतो आणि हलवता येत नाही. ही रचना मुळात ढकलायच्या खुर्चीची, बसणाऱ्यानं स्वतः रेटायची नव्हे. आस पुढे घेतला की दोन फायदे. एक, रिमचा जास्त भाग हाताखाली येतो, हात मागे ताणावा लागत नाही. दोन, वजन पुढच्या छोट्या चाकांवरून मोठ्या चाकांवर येतं. छोटं चाक प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक खडीत अडतं. त्याच्यावर भार कमी म्हणजे खुर्ची हलकी.

तोटाही आहे. आस जितका पुढे तितकी खुर्ची मागे उलटायची शक्यता जास्त. म्हणून मागे दोन छोटी आधारचाकं लावतात. ज्यांचे पाय मधुमेहामुळे किंवा अपघातात काढलेत, त्यांच्या बाबतीत उलटंच. पुढचं वजनच गेलेलं असतं, त्यांना आस मागेच लागतो. म्हणून ऐकून लगेच पाना घेऊन बसू नका.

मी काय केलं? मॅडमनी कागदावर माप लिहून दिलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे सुटे भाग बनवणारे एक ओळखीचे फॅब्रिकेटर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. कागद बघून म्हणाले, "बस्स, एवढंच? मला वाटलं काय विमान करायचंय." भोकं पाडलेली एक जाड पट्टी दोन्ही बाजूंना बोल्टनं बसवली आणि आस दोन इंच पुढे घेतला. चाक सरकलं म्हणजे ब्रेकही सरकवावा लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मागे आधारचाकं लावली. चादरी काढल्या, खाली फळी आणि वर नीट माप घेतलेली फोमची गादी आली. गादीत काटकसर करू नका, ज्यांना संवेदना नाही त्यांना जखम झालेली कळत नाही.

घर ते दुकान रेटे मोजले. आधी चारशेच्या वर व्हायचे, आता साडेतीनशेच्या आत. रस्ता तोच, माणूस तोच.

रेटण्यापेक्षा उचलणं जड

खांद्यावर सगळ्यात मोठा भार खुर्ची रेटताना येतच नाही. पलंगावरून खुर्चीत स्वतःला उचलून टाकताना येतो. १९८७ च्या एका अभ्यासात त्या क्षणी खांद्याच्या सांध्यातला दाब पाऱ्याच्या २५० मिलिमीटरच्या वर गेलेला दिसला. तुमचं बीपी १२० असतं, त्यावरून अंदाज करा. तेवढ्या दाबाखाली टेंडनपर्यंत रक्त पोचणार कसं?

म्हणून पलंग आणि खुर्ची एका उंचीला आणा. आम्ही पलंगाचे पाय कापले. मधे गुळगुळीत पाट ठेवून सरका, उडी मारू नका. हात अंगाजवळ टेका, लांब नको. तळवा सपाट दाबण्याऐवजी मूठ टेका किंवा कडा धरा, मनगट वाचतं. एकदा उजवा हात पुढे तर एकदा डावा. आणि जखम होऊ नये म्हणून दर थोड्या वेळानं हातावर अंग उचलायची सवय आपल्याला लावलेली असते, त्याऐवजी पुढे किंवा बाजूला वाकून भार हलवा.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एकानं विचारलंय, तीनचाकी सायकल घेऊ का? लांबच्या अंतराला जरूर. हातानं रिम रेटण्यात शरीराच्या खर्ची पडलेल्या शक्तीतला जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो. पायडलसारखं हातानं फिरवणं बरंच स्वस्त पडतं, कारण त्यात परतीचा रिकामा वेळ नसतो आणि सारखं पकडणं-सोडणं नसतं. घरात आणि दुकानात मात्र ती वळत नाही. आता खुर्चीलाच पुढे जोडायचे मोटरचे भाग पण आपल्या देशात बनतात. आयआयटी मद्रासमध्ये घडलेली, माप घेऊन बनवायची निओफ्लाय ही खुर्ची २०२० मध्ये आली, तिला तसा भाग जोडता येतो.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. "व्यायाम केला तर खांदा आणखी झिजणार नाही का?" नाही, योग्य व्यायाम केला तर. छातीचे स्नायू ताणायचे आणि मागचे बळकट करायचे. मी दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून रोज मागे ओढतो. अमेरिकेत २०११ मध्ये छापलेल्या एका चाचणीत असा घरगुती व्यायाम आणि हालचालीची नवी सवय, दोन्ही मिळून दुखणं चांगलंच कमी झालेलं दिसलं. पण दुखत असताना यूट्यूब बघून सुरू करू नका, आधी कोणाला तरी दाखवा.

राहता राहिलं, टायरची हवा. आठवड्यातून एकदा अंगठ्यानं दाबून बघा. दहा रुपयांची हवा खांद्याचं खूप काम वाचवते.

माझा खांदा पूर्ण बरा झालाय का? नाही. उजव्या कुशीवर अजून झोपत नाही. पण वरच्या फळीवरचा गठ्ठा मीच काढतो. आणि त्या कार्यालयाच्या रॅम्पवर आता एकटा चढत नाही. खाली थांबून शिपायाला हाक मारतो, "दादा, जरा हात लावा की." पहिल्यांदा जड गेलं. नसीमाताई हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नाव 'चाकाची खुर्ची' आहे, मी ते पलंगावर पडल्या-पडल्या वाचलं होतं. खुर्चीनं स्वातंत्र्य मिळतं हे तेव्हा कळलं. ते स्वातंत्र्य तीस वर्षं टिकवायचं तर रोज थोडं मोजून खर्च करावं लागतं, हे आत्ता कळतंय.

तुमच्या घरात कोणी व्हीलचेअरवर असेल तर आजच दोन कामं करा. बाजूनं त्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि त्यांनाच दाखवा. आणि हात खाली सोडायला सांगून बोट आसापर्यंत येतं का बघा. काय दिसलं ते मला व्हॉइस मेसेजवर कळवा. पुढच्या भागात गादी आणि बसून होणाऱ्या जखमांबद्दल बोलू. तोवर रेटा लांब ठेवा, घाई करू नका. नमस्कार.